राघोजीच्या नावाच्या तीन डब्या

हिंगोली म्हणजे काही काशी नाही. शिरड शहापुराहून गाडी जुंपली तर मधे एक मुक्काम करून माणूस पोचतो. आमच्या गावातले दोघे काशीला जाऊन आले आणि अजून त्याच गोष्टी सांगतात. सांगू देत. मी हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात जे बघितलं ते त्यांनी काशीत बघितलेलं नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. माझं शिकणं म्हणाल तर पंतोजीच्या पडवीत दोन पावसाळे. पोथी लागते, नाव लिहिता येतं. हात हळू चालतो, पण चालतो. ज्याला घाई असेल त्यानं दुसरं काही वाचावं.

निघायचं कारण

विलायतेत लढाई चालू होती ते दिवस. घासलेट मिळेना, पण दवाखान्याची एक नवी चाल आमच्याकडे आली. आधी कसं होतं, खोकला म्हटलं की लाल पाण्याची बाटली, ताप म्हटलं की पांढऱ्या पाण्याची. आता कंपौंडर बाजाराच्या दिवशी शिरडला येऊन पत्र्याच्या डब्या वाटू लागला. म्हणे, हैदराबादेहून एक मोठे डॉक्टर दवाखान्यांना सल्ला द्यायला फिरून राहिलेत, आणि त्यांचं म्हणणं असं की आधी रोग बघा, मग औषध द्या. डबीत सकाळचा बेडका घालायचा, कंपौंडर तो हिंगोलीला नेणार, तिथं तो काचेखाली बघणार.

आमच्या घरात तेव्हा सून खोकत होती. लेकरू झाल्यापासून तिची तब्येत उतरली होती, तोंड पिवळं पडलं होतं, संध्याकाळी अंग तापायचं. माझा पोरगा भगवान सुगीत नाकात भुसा जाऊन खोकायचा. आणि मी खोकायचो. पण माझा खोकला धरण्यातला नव्हता. तो चिलमीचा. माझ्या बापालाही होता. वय झालं की खोकलाही घरातल्या माणसासारखा होतो, त्याला कुणी पाहुणा म्हणत नाही.

कंपौंडर म्हणाला, "जेवढे खोकतात तेवढ्या डब्या न्या. वर नाव घाला."

मी तीन डब्या नेल्या. तिन्हींवर खिळ्यानं स्वतः कोरलं: राघोजी. अक्षर चांगलं आलं होतं.

आता कुणी हसेल. त्यानं आधी आपल्या घरातल्या फडताळात बघावं. आमच्याकडे तांब्या आणला की तांबटाकडून त्यावर नाव घालून घेतात, आणि ते नाव घरच्या कर्त्याचं असतं. लग्नाकार्यात भांडी या घरची त्या घरी जातात, नाव असलं की बराबर परत येतात. हंडा, परात, गडवा, सगळ्यांवर राघोजी. सून ज्या वाटीत जेवते तिच्यावर राघोजी. नातीला मामानं चांदीची नखाएवढी वाटी दिली, तिच्यावरही मी राघोजी घालून आणलं. घर ज्याचं, नाव त्याचं. डबी काय आणि वाटी काय!

पुढच्या बाजाराला कंपौंडर मला तेल्याच्या दुकानापाशी दिसला. लांबूनच ओरडला, "राघोजी! तुमच्या डबीत निघालं हो! तिन्हींतल्या एकीत. क्षयाचे किडे. माणूस घेऊन हिंगोलीला या."

तेल्यानं ऐकलं, कासारणीनं ऐकलं, बाजारानं ऐकलं. कोणत्या डबीत, हे कुणीच विचारलं नाही. मीही नाही. गरजच वाटली नाही. सगळ्यांच्या डोळ्यापुढं एकच तोंड आलं.

मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. आमची म्हातारी, म्हणजे भगवानाची आई, म्हणाली, "तरी मी म्हणून राहिले होते." शेजारची कोंडाबाई उंबऱ्यावर बसून म्हणाली, "तिला माहेराला लावा. लेकरू मात्र जाऊ देऊ नका, ते आपलं हाय. आन् भगवानाचं काय वय झालंय? माझ्या बहिणीची पोरगी हाय की नांदेडाकडं." भगवान उठून गोठ्यात गेला आणि बैलांपाशी बसला. सून चुलीपुढं होती. भाकरी थापायचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

तिचं माहेर आखाडा बाळापूर. तिच्या भावाला निरोप गेला की हिंगोलीला गाडी घेऊन ये आणि बहिणीला तिथूनच घेऊन जा. मी एकच सांगितलं, "दवाखान्यात दाखवल्याशिवाय मी तिला सोडणार न्हाई. राघोजीनं नुसत्या बोलण्यावर सून टाकली, असं कुणी म्हणायचं न्हाई." म्हातारी म्हणाली, त्यात काय फरक पडतो. मी म्हणालो, फरक पडतो. खरं सांगायचं तर काय पडतो ते मलाही ठाऊक नव्हतं.

निघालो तेव्हा पौषाचं धुकं होतं. नात दीड वर्षाची. म्हातारीनं तिला घरात नेऊन कडी लावली. तरी रडणं गावाबाहेरच्या पांदीच्या तोंडापर्यंत ऐकू येत होतं.

औंढ्यापर्यंत

आमच्याकडे सून सासऱ्याशी तोंडावर बोलत नाही. मग गाडीत दोघंच असली तर कसं करायचं? बैलांशी बोलायचं. माझे बैल चांद्या आणि मोरग्या. पहिला कोसभर ती गप्प होती. मग पदराआडून आवाज आला, "मोरग्या, ऊन वर आलं. न्याहारीची भाकर बांधलेली हाय म्हणावं."

मी म्हणालो, "चांद्या, भूक न्हाई म्हण."

"मोरग्या, सकाळपासून नुसती चिलीम चालली हाय म्हणावं. उपाशी पोटी खोकला लागंल."

"चांद्या, खोकला कुणाला लागलाय ते आख्ख्या बाजाराला म्हाईत हाय म्हण."

हे मी बोलायला नको होतं. पण निघालं तोंडातून. तिनं भाकरीचं गाठोडं मागं सरकवलं. बैल आपले चालत होते.

वाटेवर ज्वारी निसवून दाणे भरत आले होते. एका शेतात हुरडा भाजत होते. त्या मळेकऱ्यानं हाक मारली, "या की बाबा!" पौषात हुरड्याला नाही म्हणणारा माणूस मी बघितलेला नाही. गोवऱ्यांच्या आरात, लाल निखाऱ्यात, कणसं, हातावर चोळून गरम हिरवे दाणे, वर तिळाची चटणी. त्यानं सुनेलाही बोलावलं. तिनं दोन मुठी खाल्ल्या आणि तिसरी मूठ पदराच्या टोकाला बांधली. मला समजलं कुणासाठी. गाठ बांधून झाल्यावर तिलाही समजलं असावं की वाट उलटी आहे. ती गाठ तिनं सोडली नाही.

दुपारी औंढ्याला पोचलो. नागनाथाचं देऊळ मी पूर्वीही बघितलं आहे, पण दर वेळी मान वर करून बघताना पागोटं पडतं. दगडाचे हत्ती आहेत, ते देऊळ पाठीवर घेऊन उभे असल्यासारखे. आत मात्र सगळं उलटं. देव वर नाही, खाली आहे. गाभाऱ्यातून अरुंद पायऱ्यांनी भुयारात उतरावं लागतं, इतकं ठेंगणं की मोठ्यातल्या मोठ्या माणसाला वाकावंच लागतं. मी कुणापुढं वाकत नाही, गाव जाणतं. तिथं वाकतो. सून आधी उतरली, मी मागून. आत धुरात तिला खोकल्याची उबळ आली आणि लगेच मलाही आली. पुजारी म्हणाला, "दोघं खोकता की काय!" मी म्हणालो, "तुमचा धूप."

तांड्यावर

औंढ्याच्या पुढं डोंगर लागतो. सागाची झाडं, सीताफळीची झुडपं, मधून लाल मुरमाची वाट. उतरणीवर चाकाची खीळ गळून पडली. मला समजायच्या आत डावं चाक सुटून आमच्या पुढं उताराला निघालं आणि एका बाभळीला टेकून राहिलं. गाडी एका अंगावर बसली. सून आणि भाकरीचं गाठोडं दोन्ही माझ्या अंगावर आली. पदर सावरता सावरता ती हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा ऐकलं. मग बैलांना म्हणाली, "तुमच्यापेक्षा चाक शहाणं, त्याला हिंगोलीची घाई हाय."

जवळच लमाणांचा तांडा होता. त्यांच्या आज्यापणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य घालून मुलूख पालथा घातला, आता ते शेती करतात. पण चाक आणि बैल यांची गोष्ट असली की अजून सगळे धावतात. चार माणसांनी गाडी उचलली, एकानं बोरीची नवी खीळ तासून ठोकली. दिवस कलला होता, म्हणून त्यांनी मुक्काम करायला लावलं. भाकर, आंबाडीची भाजी, आणि एका म्हातारीनं आणलेलं दूध. ती अंगभर आरशांचे कपडे घातलेली, हातात कोपरापर्यंत बांगड्या.

तिच्या गोठ्यात पुष्कळ गाई. संध्याकाळी रानातून आल्या तशी ती एकेकीला नावानं हाक मारू लागली आणि जिला हाक मारी ती गाय गर्दीतून बाहेर येई. मी थक्क झालो. आमच्याकडे बैलांना नावं असतात, गाईला नुसती गाय म्हणतात.

मी म्हणालो, "बाई, एवढ्या नावांची गरज काय? सगळ्या तुमच्याच ना?"

ती म्हणाली, "माझ्या हायेत, पर दुखनं जिचं तिलाच व्हतंय ना बाबा? हिचा खूर दुखतोय आन् औषध तिला पाजलं तर?" मग सुनेकडं वळून म्हणाली, "पोरी, तुझं नाव काय?"

सुनेनं माझ्याकडं बघितलं आणि खाली बघितलं. मीच सांगितलं, "बाळापूरवाली."

म्हातारी बोळक्या तोंडानं हसली. "ते गावाचं झालं. हिचं काय?"

मला सांगता आलं नाही. म्हणजे लग्नात बदललेलं नाव कागदोपत्री काहीतरी होतं, पण ते कुणी घेतलंच नव्हतं. मी म्हणालो, आमच्यात सासरा सुनेचं नाव घेत नाही. ते खरंच आहे. पण ठाऊक नसणं आणि न घेणं यात फरक आहे, आणि तो फरक त्या म्हातारीला माझ्या तोंडावर दिसला.

हिंगोली

दुसऱ्या दिवशी हिंगोलीत शिरलो. कयाधूच्या पात्रात बायका धुणं धूत होत्या, आगगाडीची शिट्टी ऐकून बैल बिथरले. दवाखान्याच्या फाटकाशीच सुनेचा भाऊ नारायण गाडी सोडून बसलेला. मला बघून उठला नाही.

"राम राम पाव्हणं," मी म्हणालो.

"राम राम. नवं भांडं घेऊन गेलात, चेपलं की माघारी?"

"अजून दाखवायचं हाय."

"काय दाखवायचं ते दाखवा. मी छकड्यात कडबा टाकून ठेवलाय, बहिणीला निजवून न्यायला." एवढं म्हणून त्यानं तोंड फिरवलं, आणि छकड्यातला कडबा उगाच पुन्हा सारखा करू लागला. तो तिच्याहून लहान आहे.

आत गेलो. लांबलचक ओटा, चुन्यानं पांढरा केलेला, आणि एका खोलीत टेबलावर पितळेचं एक यंत्र. देवाच्या समईसारखं लखलखीत, वर एक नळी, खाली आरसा. त्याला खुर्दबीन म्हणतात. दुर्बीण लांबचं जवळ दाखवते, ही जवळचंच, पण जे माणसाला दिसतच नाही ते दाखवते. टेबलापाशी तेच हैदराबादचे मोठे डॉक्टर बसलेले. उंच, वाळके, पांढरी दाढी, अंगावर जुनी शेरवानी. मराठी चांगलं बोलत, पण मधूनच दखनीत घसरत.

हिंगोलीच्या डॉक्टरांनी माझं नाव ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "हेच ते! तिन्ही डब्यांवर एकच नाव! आता कोणती कुणाची ते कसं कळावं? या खेडुतांना किती सांगायचं!"

मला राग आला. मी म्हणालो, "साहेब, नाव घाला म्हणाले, घातलं. माझं घर, माझं नाव."

मोठे डॉक्टर खुर्चीवरून उठले, ओट्याच्या पायरीवर येऊन बसले आणि मलाही बसवलं. "बाबा, तीनों डिब्बों पे अपना नाम कैकू लिखे? रागवत नाही. मला समजून घ्यायचंय."

मी सगळं सांगितलं. तांब्या, परात, वाटी, तांबट, लग्नातली भांडी, आणि सुनेला न्यायला फाटकाशी आलेलं छकडंही. ते आधी हसले, मग हसता हसता थांबले. त्यांनी हिंगोलीचे डॉक्टर, कंपौंडर आणि काचा धुणारा अशा तिघांना बोलावून उभं केलं आणि म्हणाले, "बाबा, आता हेच यांना सांगा."

मी पुन्हा सांगितलं. तिघं ऐकत होते.

"आता बोला, चूक कुणाची?"

कंपौंडरनं माझ्याकडं बघितलं.

"नक्को, उधर मत देखो. बाबांनी त्यांच्या रीतीनं बराबर केलं. आपण त्यांची रीत विचारली नाही. ही खुर्दबीन खोटं बोलत नाही, पण तिला आपण कुणाचा बेडका दाखवतो हे आपल्याला ठाऊक नसेल तर ती खरं बोलून काय उपयोग? एका बाईचा संसार बाहेर छकड्यात टाकून ठेवलाय. बोला, पुढं कसं करायचं?"

मी जन्मभर हुकूम सोडणारे साहेब बघितले. नायब बघितला, तहसीलदार बघितला. सल्ला द्यायला आलेला आणि उलट आपल्याच माणसांना विचारणारा साहेब मी तिथं बघितला.

कंपौंडर चाचरत म्हणाला, "ज्याची डबी त्याच्याच तोंडून नाव विचारायचं. आन् डबी देतानाच आम्ही घालायचं."

"ठीक. पण बाई सासऱ्यासमोर नाव सांगत नाही. मग?"

काचा धुणारा म्हणाला, "सासऱ्याला बाहेर काढायचं."

सगळे हसले. मीही हसलो असेन. आणि मला खरंच बाहेर काढलं. जन्मात पहिल्यांदा मला कुणी उंबऱ्याबाहेर बसवलं आणि मी बसलो.

खिडकी उघडी होती. आत डॉक्टर विचारत होते, "बेटी, नाव?"

"कोनतं? माहेरचं का सासरचं?"

"ज्या नावानं हाक मारली की तू मागं वळतेस ते."

"मग बाळापूरवालीच लिवा."

"बाळापुरात गेलीस की तिथं सगळ्याच बाळापूरवाल्या. आईनं काय ठेवलं होतं?"

तेव्हा ती म्हणाली, अगदी हळू, "चंद्रभागा."

मी भिंतीला पाठ लावून बसलो होतो. चार वर्षं ती माझ्या घरात पाणी भरून राहिली होती.

तिचं बोट टोचून रक्त काचेवर घेतलं, बेडका घेतला, छातीला नळी लावून ऐकलं. मग डॉक्टर बाहेर आले, माझ्यापुढं डबी धरली. "आता तुम्ही."

"मला काय झालंय? हा चिलमीचा हाय."

"असेल. बघू."

"साहेब, माझ्या बापाला व्हता हा. त्याचा बाप—"

"बाप कशानं गेले?"

"खोकून खोकून," मी म्हणालो. पण डबी घेतली नाही. हातात धरलेली गोष्ट मी सोडत नाही, आणि न धरलेली धरत नाही. ही माझी जातच आहे.

तेव्हा दारातून आवाज आला. समोर झाडाखाली बैल बांधलेले होते, तोंड त्यांच्याकडं. "चांद्या, मोरग्या, मी दिला म्हणावं. बोट बी टोचून घेतलं. एवढा मोठा गडी, आन् थुकायला भितो म्हणावं."

नारायण फाटकाशी हसला. मी डबी घेतली. तिला खोटं पाडायला घेतली, दुसरं काही नाही.

डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळचाही द्या, दोघांनी. धर्मशाळेत राहिलो. सकाळी दोघांनी पुन्हा डब्या दिल्या, दोन्हींवर कंपौंडरनं आपल्या हातानं निरनिराळी नावं घातली आणि आमच्याकडून म्हणवून घेतली.

मग त्यांनी मला आत बोलावलं आणि सगळं दाखवलं. काचेवर बेडका पसरला, वाळवला. वर लाल रंग टाकला आणि खालून दिवा फिरवला तशी वाफ निघू लागली. मग तेजाबानं धुतला. तेजाब म्हणजे काय ते सोनाराला विचारा. लाल रंग सगळा वाहून गेला. वर निळा रंग टाकला. "आता बघा," म्हणाले.

नळीला डोळा लावायचा तर वाकावं लागतं. वाकलो. आधी नुसता उजेड, माझीच पापणी. डॉक्टरांनी एक चाक फिरवलं. आणि एकाएकी निळं आभाळ उघडलं. असं निळं मी सुगीनंतरच्या आभाळातही बघितलं नाही. त्यात ढगासारखे निळे गोळे, आणि त्या गोळ्यांमधे लाल काड्या. बारीक, जरा वाकड्या, कुठं एकटी, कुठं दोन एकमेकींवर पडलेल्या, पेंढीतून गळाल्यासारख्या. मोजवेनात. हलत नव्हत्या, आवाज नव्हता. कुठली तरी वस्ती वरून बघावी तसं वाटत होतं.

"सगळा रंग तेजाबानं उतरतो, यांचा उतरत नाही," डॉक्टर माझ्या कानापाशी म्हणाले. "जिद्दी है ये. तुम्हारे सरीके."

मी डोळा काढला नाही. विचारलं, "हिच्या हायेत का?"

"तिच्या दोन्ही काचा साफ आहेत. तिच्या रक्तात हिवताप सापडला, आणि रक्त पाण्यासारखं पातळ झालंय. कोयनेल आणि लोहाच्या गोळ्यांनी भरून येईल."

"मग ह्या?"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तरी मी लगेच उठलो नाही. लोक विचारतात, भीती वाटली का. वाटली असेल. पण त्या वेळी मी नुसता बघत होतो. माझ्या छातीत, माझ्याच घरात, माझं खाऊन, कधीपासून कोण जाणे, ही एवढी वस्ती राहत होती आणि कर्त्याला पत्ता नव्हता. आणि एकीवरही नाव नव्हतं. औंढ्याला देव बघायला वाकावं लागतं. इथं मी स्वतःला बघायला वाकलो. ज्यानं ती काच घासली, ज्यानं तो रंग शोधला, त्या माणसांना माझा दंडवत आहे.

मग आठवलं, कंपौंडर बाजारात ओरडला होता, "राघोजी, तुमच्या डबीत निघालं!" अगदी बराबर ओरडला होता. आख्ख्या बाजारानं ऐकलं आणि कुणाला खरं वाटलं नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, याला अजून रामबाण औषध निघालेलं नाही. मोकळी हवा, ऊन, दूध, निजणं. चिलीम बंद. वेगळं राहायचं, भांडी वेगळी, बेडका चुना घातलेल्या डबीत आणि डबी विस्तवात. लेकराला जवळ घ्यायचं नाही. पोराला आणि लेकरालाही दाखवून घ्या. मी सगळ्याला हो म्हणालो. लेकराच्या वेळी जरा उशीर झाला.

बाहेर आलो तर नारायण बैल जुंपत होता.

"पाव्हणं, सोडा ते बैल. तुमची बहीण साफ हाय."

"मग किडे कुणाचे?"

"राघोजीचे. डबीवर लिहिलं व्हतं की." मग म्हणालो, "कडबा टाकलाच हाय तर मलाच न्या बाळापूरला."

त्यानं जू खाली ठेवलं. मग माझ्या पाया पडायला वाकला. मी दोन पावलं मागं सरलो. "लांबून," म्हणालो. "आता सगळ्यांनी लांबून."

परत

परत येताना गाडी मी हाकली नाही. मी मागं बसलो, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, तोंडाला उपरण्याची घडी धरून. पुढं ती. बाई गाडी हाकते म्हणून वाटेत लोक थांबून बघत. तांड्यावरच्या म्हातारीनं लांबूनच विचारलं, "कोन व्हती गं दुखरी?" मी मागून हात वर केला. म्हातारीनं मान डोलावली आणि दूध मला वेगळ्या मडक्यात पाठवलं. मी म्हणालो, "बाई, हिचं नाव चंद्रभागा." सुनेनं कासरा ओढला, बैल उगाच थांबले.

गावाच्या अलीकडं माझं शेत आहे, बांधावर चिंच, चिंचेखाली खोपी. तिथं मी गाडी थांबवायला सांगितली आणि उतरलो.

"घरी माझं तांब्या-परात-ताट हाय तेवढं इथं पाठव. बाकी सगळं राखेनं घासून, उकळत्या पाण्यातनं काढ. म्हातारीला सांग, कोंडाबाईच्या बहिणीच्या पोरीला दुसरीकडं बघा म्हणावं."

ती खाली उतरली. बैलांकडं बघितलं नाही. सरळ माझ्याकडं बघून म्हणाली, "मामा, थंडीचं इथं कसं ऱ्हाताव?"

चार वर्षांत पहिल्यांदा. मी म्हणालो, "मोकळी हवा सांगितली हाय. जा. लेकरू वाट बघून राहिलंय."

ती गेली. पदराच्या टोकाची हुरड्याची गाठ तशीच होती. थोड्या वेळानं गावातून एक लहान किंकाळी ऐकू आली, आनंदाची. वारा तिकडून इकडं होता.

तेव्हापासून मी खोपीत आहे. चिलीम सोडली. खोकला आहे, पण मीही आहे. डॉक्टरांनी जिद्दी म्हटलं ते दोघांनाही म्हटलं. बघू कोण आधी दमतं. पोरगा आणि नात दाखवून आणली, दोघं साफ. आता शिरडच्या बाजारात कंपौंडर डबी देताना ज्याचं त्याला नाव विचारतो, आणि सासऱ्यांना दहा पावलं लांब उभं करतो. त्याला लोक राघोजीची रीत म्हणतात. म्हणू देत.

माझ्या नावाची ती तीन भांडी माझ्यापाशी आहेत. त्यांतून दुसरं कुणी जेवत नाही. नाव घालून घेतल्याचा एवढा उपयोग होईल असं त्या वेळी वाटलं नव्हतं.

गेल्या बाजाराला मी भगवानाकडून एक नवा तांब्या घेववला आणि तांबटाला बांधापाशी बोलावलं. तांबट ठोकणी काढून म्हणाला, "राघोजीच ना?"

"न्हाई. चंद्रभागा."

"बाईचं नाव? भांड्यावर?"

"तुला अक्षर येत नसंल तर तसं सांग."

त्यानं घातलं. दुपारी सून जेवण घेऊन आली, नेहमीसारखं बांधावर ठेवून मागं सरली. तांब्या तिथंच ठेवला होता. तिनं उचलून उन्हात धरला.

"मामा, काय लिवलंय?"

"वाच की."

"मला कुठं येतंय!"

"मग बोट फिरव त्याच्यावर," मी म्हणालो. "हळू. पहिल्यापासून."